अक्काचा होकार

प्रताप नगर, नागपूर
१० ऑगस्ट २०२५

तीर्थरूप अक्का,

गोपिकाचा वाकून नमस्कार. तुमच्या गुडघ्यांचं कसं आहे ते पहिले सांगा, मंग बाकीचं.

तुमची राखी गुरुवारीच पोचली. पाकीट उघडलं, उलटं केलं, झटकलं. राखी अन् कुंकवाची पुडी, बस. चार ओळींचा कागद याही वर्षी नाही. सात वर्षं झाली अक्का, मी दर राखीले हेच करते, अन् तुमचे भाऊ खाटेवरून पाहत राहतात अन् काहीच विचारत नाहीत. फोन तुम्ही उचलत नाही. उचलला तं तुमाले ऐकू येत नाही, अन् मी ओरडून ओरडून अख्ख्या गल्लीले घरच्या गोष्टी सांगून बसते. म्हणून म्हटलं यंदा आपणच लिहावं. भावजयीनं आधी लिहिलं तं काही नाक कापलं जात नाही.

राखी ऋतुजानं बांधली. आपल्या जितेंद्रची पोट्टी, आता पहिलीत आहे. आत्याआजीच्या वतीनं बांधते म्हणे, पण ओवाळणी मात्र स्वतःच्या नावानं घेतली. जितेंद्र मिहानमधेच आहे, विमानं दुरुस्त करतात तिथं. सकाळी जाते तो दिवे लागल्यावर येते. सून शाळेत शिकवते. आमच्यापुढचा रस्ता सिमेंटचा झाला, म्हणजे रस्ता वर गेला अन् घर खाली राहिलं. पाऊस आला की सगळ्या गल्लीचं पाणी आमच्या अंगणात पाहुणं येते.

तुमच्या भावाची तब्येत ठीक आहे. म्हणजे ठीकच म्हणायची. पायावर सूज असते, दोन उशांवर भागत होतं ते आता तीन लागतात, पाणीसुद्धा मोजून प्यायचं. मीठ बंद. सावजी घरातला माणूस, अन् मी यायच्यापुढं बिनमिठाची लौकी ठेवते. खातात बिचारे, पण माझ्याकडं असे पाहतात की जसं मीच ते औषध लिहून दिलं.

दोन वर्षांमागं यायच्या छातीत मशीन बसवलं, ते तुमच्या नातवानं, प्रज्वलनं, सांगतलंच असंल. डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, माचिसच्या डबीहून जरा मोठं. काळजाची चाल बिघडली अन् ते सैरावैरा पळायले लागलं, की मशीन आतून झटका देते अन् चाल ठिकाणावर आणते. जीव वाचवणारं मशीन आहे, जितेंद्रचा त्याच्यावर भारी भरवसा. या महिन्यात त्यानं एकदोनदा झटका दिला. काळजीचं काही नाही.

अक्का, आता एक बोलते, राग मानू नका. प्रज्वलच्या साक्षगंधाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही उमरेडले मटण केलं होतं, त्यावर आपण दोघी कधी बोललोच नाही. जेवण झाल्यावर यायची छाती जळायले लागली, घाम सुटला. दुसऱ्या कोणाच्या घरी असतं तं लोक घाबरले असते. आपल्या घरी सावजी रस्सा खाऊन कोणाची छाती जळत नाही? नाक वाहिलं नाही, घाम आला नाही, तं वाढणारीले वाटते की जेवण फसलं. सगळे हसलो. तुम्ही ओवा दिला, सोडा पाजला, पाठ चोळून दिली, अन् हे झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी तोंड राखेसारखं झालं तवा गाडी काढली. नागपूरच्या डॉक्टरनं म्हटलं की वेळेवर आणलं असतं तं नस उघडता आली असती, एवढं मांस मेलं नसतं.

अन् मंग जितेंद्र तिथं, दवाखान्याच्या जिन्यात, सगळ्यायसमोर म्हणाला की आत्याच्या रस्स्यानं माझ्या बाबाचं काळीज खाल्लं. पोट्टं होतं अक्का. बाप आत होता, तोंडातून गेलं. तुम्ही पदर सावरला, संध्याकाळच्या गाडीनं उमरेडले गेल्या, अन् त्यानंतर नागपूरले पाय ठेवला नाही. रस्स्यानं काही झालं नव्हतं. नस बंद पडायची ती पडलीच असती. झाला तो उशीर, अन् उशीर आपण सगळ्यायनं मिळून केला.

महालक्ष्म्यांले या. प्रज्वलले म्हणा गाडीत बसवून आणून दे. हे तुमचं नाव घेत नाहीत, पण उमरेडचं कोणी आलं की उठून बसतात. आणखी एक गोष्ट बोलायची होती, पण राहू द्या, तुम्ही आल्यावर बोलू.

तुमची वाट पाहणारी,
गोपिका


प्रताप नगर, नागपूर
२६ ऑगस्ट २०२५

ती. अक्का,

नमस्कार. तुमचं उत्तर आलं नाही, अन् येणार कसं? मी ताकाले आली अन् गाडगं लपवलं. काळजीचं काही नाही असं लिहिलं अन् काळजीचंच तेवढं राहू दिलं. आता लिहिते. नीट बसून वाचा. डोळे दुखत असतील तं प्रज्वलकडून वाचून घ्या, पण पूर्ण ऐका.

मशीननं एकदोनदा नाही, खूप वेळा झटका दिला आहे. अन् माणूस शुद्धीत असताना देते. तोच मार आहे. चक्कर येऊन पडला असता तं समजलं नसतं, पण हे जागे असतात, बोलत असतात, अन् एकदम आतून बैलानं लाथ मारल्यासारखं अख्खं अंग उडते. एक बसते अन् दम घेत नाही तं दुसरा. तुमचे भाऊ मागं हसून म्हणायचे, सारी नोकरी विजेच्या खांबावर काढली, एकदा झटका खाल्ला नाही, आता पेन्शनमधे घरबसल्या खाऊन राहिलो. आताशा हसत नाहीत.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशीची गोष्ट. सकाळी टीव्हीवर मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक दाखवून राहिले होते, लोक ओरडून राहिले होते, रोगराई घेऊन जा गे मारबत. हे म्हणाले, तिले सांग माझं मशीनबी घेऊन जाय म्हणा. बरे होते त्या दिवशी. दुपारी ऋतुजाचा लाकडी बैल सजवायले घेतला, ती यायच्या मांडीवर बसली होती, शिंगाले बेगड लावून राहिले होते दोघं. अन् झटका बसला. पोट्टी उडून पडली. तिले काही झालं नाही, हाताले मुंग्या आल्या म्हणे, पण ती भिंतीले टेकून आजोबाकडं पाहत राहिली, अन् तेवढ्यात दुसरा झटका बसला. आता ती यायच्या खोलीत जात नाही. दारात उभी राहते अन् म्हणते, आजोबांत करंट आहे.

त्या दिवसापासून यायनं जेवण सोडल्यासारखंच केलं आहे. मी हात धरायले गेली तं हात मागं घेतात. खरं सांगू, मलेही भीती वाटते धरायची. चाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याचा हात धरायची भीती वाटावी, असे दिवस देवानं कोणाले दाखवू नये.

हे असं काहून होते ते मी डॉक्टरले विचारलं. धनश्री मॅडम नाव आहे, आपल्या जितेंद्रच्याच वयाच्या, पण बसवून समजावून सांगतात. त्यायनं मशीन बसवायच्या आधी काढलेला काळजाचा फोटो दाखवला. त्यात चांगलं मांस काळं दिसते अन् मेलेलं पांढरं. पुढच्या भिंतीवर पांढरा पट्टा होता. सात वर्षांमागं जेवढ्या जागी रक्त पोचलं नाही, तेवढं मांस मेलं. जखम भरली, पण मांस काही परत आलं नाही, तिथं वण आला. वण आकसत नाही, फुलत नाही, अन् त्याच्यातून करंट जात नाही. काळजाची धडधड म्हणजे करंटच असते अक्का. वरून निघते, खालपर्यंत पोचते, तवा अख्खं काळीज एकसाथ आकसते अन् रक्त पुढं जाते. वण पूर्ण मेलेला असता तं करंट बाजूनं निघून गेला असता. पण त्याच्या मधात मधात जित्या मांसाचे काही धागे राहून गेले आहेत. तिथून करंट जाते, पण रखडत.

मले काही समजेना. मंग मी माझ्या डोक्यानं पंगत बसवली. समजा मांडवात गोल पंगत बसली आहे. वाढपी भाजीची बादली घेऊन एका बाजूनं निघाला. मधात सामानाचा ढीग पडला आहे, त्याच्यामागच्या अरुंद बोळीतून त्याले जावं लागलं, उशीर झाला. तिकडून निघून पाहते तं पहिल्यानं वाढलेल्यायची पानं रिकामी. तो पुन्हा त्यायलेच वाढायले लागला. तिथून पुन्हा ढिगामागं, पुन्हा तीच पानं. असा तो त्या ढिगाभोवती चकरा मारत राहते, अन् बाकीचा मांडव उपाशी. मॅडमले सांगतलं तं त्या म्हणाल्या, काकू, असंच असते. काळीज पळत राहते अन् रक्त कुठंच जात नाही. मशीन त्या वाढप्याच्या थोबाडीत मारते, एवढंच त्याचं काम. ढीग काही उचलत नाही.

तो ढीग उचलणारं औषध नाही. मागच्या वर्षी मांडीतून तार घालून त्या बोळी जाळून पाहिल्या, दोन बंद केल्या तं तिसरी निघाली. आता सगळं काळीजच थकलं आहे, फुप्फुसात पाणी भरते, किडनी मागं पडून राहिली. मॅडमनं मले अन् जितेंद्रले बाहेर नेऊन सांगतलं की आता दिवस थोडे आहेत. मशीन असलं तरी थोडे, नसलं तरी थोडे.

आता जे मागच्या पत्रात राहू दिलं होतं ते. राखीच्या आधीच यायनं मले म्हटलं होतं, मशीनचा झटका बंद करून टाक. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तान्ह्या पोळ्यानंतर यायनं स्वतः मॅडमले विचारलं. त्या म्हणाल्या, होते. चिरफाड नाही, काही नाही. वरून एक यंत्र ठेवतात अन् झटका देणं तेवढं बंद करतात. मशीन बंद म्हणजे काळीज बंद नाही अक्का, हे नीट समजून घ्या. काळीज आपलं आपलं चालत राहते. फक्त पुढच्या वेळी चाल बिघडली, तं ओढून परत आणणारं कोणी नाही. माणूस शांतपणे जाते. मॅडम म्हणाल्या, हे शुद्धीत आहेत, यायची मर्जी असली तं यायची सही पुरे, बायकापोरायले विचारायची गरज नाही.

जितेंद्र बिलकुल ऐकत नाही. तो म्हणते, विमानातली एक बत्ती बंद असली तं आम्ही विमान उडू देत नाही, अन् बापाचं मशीन मी बंद करू देऊ? रडला अन् निघून गेला. पण खरं अडलं ते जितेंद्रपाशी नाही. अडलं ते तुमच्यापाशी.

तुमचे भाऊ म्हणतात, अक्काले विचार. मी म्हटलं अक्काचं यात काय? तं मले लाइनमनचा कायदा सांगतला. खांबावर चढायच्या आधी परमिट घ्यावी लागते. ज्याच्या ताब्यात लाइन आहे, त्यानं स्वतःच्या तोंडानं बंद केली म्हणून सांगतल्याशिवाय तारेले हात लावायचा नाही. हे कधी चुकले नाहीत, म्हणून हातपाय धड घेऊन घरी आले. मंग म्हणाले, "माय जाताना मले अक्काच्या वटीत टाकून गेली. माझी परमिट तिच्यापाशी आहे वं. तिनं म्हणू दे."

मले माहीत आहे अक्का, तुम्ही स्वतः चौदा-पंधरा वर्षांच्या होत्या अन् यायले पाठीशी बांधून हातमागावर बसत होत्या. तुमाले हे विचारायचं म्हणजे काय, ते मले समजते. यायले गाडीत बसवून तुमच्यापर्यंत आणू शकत नाही, अन् एकटं टाकून मी येऊ शकत नाही, म्हणून कागदावर विचारून राहिली. हो म्हणा का नाही म्हणा. प्रज्वलच्या फोनवरून कळवा. तुम्ही जे म्हणाल ते मी यायले जसंच्या तसं सांगीन, एक अक्षर इकडचं तिकडं करणार नाही.

तुमच्या शब्दासाठी थांबलेली,
गोपिका


प्रताप नगर, नागपूर
८ ऑक्टोबर २०२५

ती. अक्का,

नमस्कार. तुमच्या भावाची तेरवी झाली. तुमचं पान वाढून ठेवलं होतं.

हे गेले त्या दिवशी तुम्ही आल्या, यायच्या डोक्याशी बसल्या, कपाळावरून हात फिरवत राहिल्या. माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही. अंगणात कोणी तरी बोललं की बायकोनंच मशीन बंद करायले लावलं, ते तुमच्या कानापर्यंत गेलं असंल, तुमाले ऐकू येत नाही तरी असलं बरोबर ऐकू येते. यायले उचलल्यावर तुम्ही गाडीत जाऊन बसल्या. मी फाटकापर्यंत आली होती. तुमाले थांबवून सांगावं असं वाटलं, पण चार लोकायत सांगायची ती गोष्ट नव्हती. म्हणून आज लिहून राहिली. हे पत्र मात्र प्रज्वलकडून वाचून घेऊ नका. कितीही वेळ लागला तरी स्वतः वाचा.

तुमचा निरोप मले मिळाला होता.

गणपती बसले होते, मी स्वयंपाकघरात होती. फोन वाजला, प्रज्वलनं लिहिलं होतं: आजी म्हणते, एकदा माझ्या हातानं झालं, आता माझ्या तोंडानं होऊ देणार नाही. मशीन बंद करू नका.

मी ते उभ्या उभ्या वाचलं, मंग पाटावर बसून वाचलं. तुमचा खूप राग आला. अन् लगेच रडूही आलं, कारण त्या एका ओळीत मले समजलं की सात वर्षं तुम्ही काय घेऊन बसल्या होत्या. आम्ही समजत होतो अक्का रुसली. तुम्ही रुसल्या नव्हत्या. पोट्ट्याचं ते बोलणं तुम्ही खरं धरलं होतं, अन् आपण जवळ गेलो की भावाचं वाईट होते असं समजून उमरेडले कोंडून घेतलं होतं. अन् मी, रोज तुमच्या भावाच्या ताटात वाढणारी बाई, एकदाही तुमच्या दारात येऊन म्हटलं नाही की अक्का, असं नाही.

आतून यायनं आवाज दिला. त्यायले फोनचा आवाज ऐकू गेला होता. त्याच्या आदल्याच दिवशी सकाळी लागोपाठ झटके बसले होते, मी मोजायचं सोडून दिलं होतं, दवाखान्याची गाडी येईपर्यंत हे खाटेची दांडी धरून होते, दात आवळून. परत आणल्यावर डोळे मिटत नव्हते. झोप लागली की झटका येते, असं म्हणायचे. लेकरू मास्तरच्या छडीची वाट पाहते, तसे बसून राहायचे, छातीकडं पाहत.

मी आत गेली. हे म्हणाले, अक्काचं आलं का?

मी म्हटलं, आलं.

काय म्हणते?

अक्का, मी तुमाले लिहून दिलं होतं की एक अक्षर इकडचं तिकडं करणार नाही. देवाशपथ, खोलीत पाय ठेवेपर्यंत माझ्या मनात तेच होतं. पण यायच्या तोंडाकडं पाहिलं अन् मी म्हटलं, हो म्हणते.

तेवढ्यावर भागलं असतं तं मी स्वतःले समजावलं असतं की एका शब्दाचं काय ते खोटं. पण लाइनमन माणूस, त्यायले नुसतं हो चालत नाही. म्हणाले, तिच्या शब्दात सांग, ती काय बोलली. मंग मी तुमच्या आवाजात बोलली. लग्न होऊन आली तवापासून ऐकून राहिली तुमाले, तुमची ढब मले येते. मी म्हटलं, "जाय गा बापू. खूप मार खाल्ला तू. आता झोप."

हे माझ्याकडं पाहत राहिले. मले वाटलं पकडलं. पण नाही. डोळ्यातून पाणी आलं अन् म्हणाले, असंच बोलते ती. मंग म्हणाले, "तिले सांग, त्या दिवशी रस्सा मीच दोनदा मागून घेतला. तिनं मले जबरदस्ती वाढला नव्हता." हा निरोप तुमाले देणं माझ्यावर होतं. त्या दिवशी गाडीपाशी मले हेच सांगायचं होतं.

जितेंद्रलेही मी तेच सांगतलं, की आत्याचा होकार आला.  तो बापाजवळ जाऊन बसला, अन् दुसऱ्या दिवशी स्वतःच गाडी काढली. मॅडमनं छातीवर यंत्र ठेवलं, स्क्रीनवर पाहिलं, बटण दाबलं अन् म्हणाल्या, झालं काका. हे म्हणाले, एवढंच? अन् हसले. कितीतरी महिन्यांनी हसले.

त्यानंतरचे दिवस सांगते. तुमाले वाटत असंल की मशीन बंद केलं अन् माणूस गेला. तसं नाही झालं. गणपती गेले, पितरं जेवून गेली, तरी तुमचे भाऊ होते. रात्री झोपत होते. वरणात मी मीठ टाकायले लागली, मॅडमच म्हणाल्या आता खाऊ द्या. ऋतुजाले आम्ही सांगतलं की आजोबांतला करंट काढून टाकला. दोन दिवस ती दारातच उभी राहिली, मंग एक बोट लावून पाहिलं, मंग तळहात, अन् मंग जी मांडीवर चढली ती उतरेच ना. बैलाच्या शिंगाले राहिलेलं बेगड दोघांनी लावलं. हे दिवस तुमच्या नावानं मिळाले अक्का. तुम्ही दिले नाही, मी तुमच्या नावानं घेतले.

शेवट दुपारी झाला. पोट्टी शाळेत होती. मी गोळ्या देऊन राहिली होती, हे उशांले टेकून बसले होते. हात छातीवर नेला अन् म्हणाले, सुरू झालं वं. आम्ही दोघं वाट पाहत राहिलो, सवयच पडली होती, की आता बसंल लाथ. काही नाही आलं. मी हात धरला, दोन्ही हातांनी. यायनं मागं घेतला नाही. माझ्याकडं पाहत होते, घाबरले नव्हते. मंग बोटं सैल पडली. मी कोणाले आवाजही दिला नाही, तशीच धरून बसली.

जितेंद्रले माहीत नाही. मॅडमले माहीत नाही. प्रज्वलले तुमचा नकार माहीत आहे, पण मी यायले काय सांगतलं ते नाही. तुमाले अन् मले, बस. लोक म्हणतात बायकोनं मारलं, म्हणू द्या, त्यायच्या तोंडाले कोण हात लावते. झटका बंद केल्याचा मले पस्तावा नाही. उद्या पुन्हा तीच सकाळ आली, ती दांडी अन् ते आवळलेले दात, तं मी पुन्हा तेच करीन. मले खाते ते वेगळंच. यायनं तुमाले विचारून जायचं ठरवलं होतं, मायेवाणी बहीण म्हणून. तुमचा तो मान होता, अन् तो मी तुमच्या हातून काढून घेतला. तुमचं नाही म्हणणंही खरं होतं. ते ऐकायचा यायले हक्क होता, अन् मी ऐकू दिलं नाही. यायनं तुमचा निरोप घेतला, अन् तुम्ही तो दिलाच नव्हता.

हे तुमाले सांगतलं नसतं तं चाललं असतं. तुम्ही मले मारेकरीण समजून बसल्या असत्या, मी गप्प बसली असती, आयुष्य गेलं असतं दोघींचं. पण मंग तुमाले हे समजलं नसतं की तुमच्या भावानं जाताना तुमच्याबद्दल मनात काही ठेवलं नव्हतं. उलट तुमचं ऐकून सुखानं झोपले. तुम्ही न बोललेलंच ऐकून, पण तुमचंच समजून.

आता एक मागते. रागावा, शिव्या द्या, पण वाचा. तुम्ही हातमागाच्या खोलीत एकट्या असाल तवा ते निरोपाचे शब्द एकदा स्वतःच्या तोंडानं म्हणा. मी बोलली तेच नाही, तुमाले जसे येतील तसे. आता मशीन नाही, आता तुमच्या म्हणण्यानं कोणाचं वाईट होणार नाही. म्हणवलं तं मले कळवू नका, मी समजून घेईन. नाहीच म्हणवलं, तं उमरेडहून गाडी धरा, माझ्या दारात या अन् मले तोंडावर म्हणा, गोपिका, तू माझ्या भावाले खोटं सांगून पाठवलं. मी मान खाली घालून ऐकीन. फक्त पुन्हा सात वर्षं चुपचाप बसू नका. मले आता तेवढी वर्षं नाहीत, अन् तुमालेही नाहीत.

तुमच्या तोंडचं बोललेली,
तुमची भावजय,
गोपिका